चूल परसात नेणारी अक्का

अक्का, तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले. तुझी लेक खेडला सासरी परतली. तुझा दासगावचा भाऊ सगळ्यांत शेवटी निघाला. जाताना तो अंगणातून वळून परसात आला, छपराकडे पाहत राहिला आणि मला म्हणाला, "हीच का ती कौलं?" मी मान हलवली. तो तिथेच शेवग्याला टेकून रडायला लागला. इतकी वर्षं भाऊबिजेला तुझ्या ताटात त्याने जे टाकलं, त्याचं तू लुगडं घेतलं नाहीस, डूल केले नाहीस, कौलं घेतलीस. हे त्याला ठाऊक होतं, पण तो नेहमी ओटीवरूनच परत जायचा, त्याने ती कधी पाहिली नव्हती.

या दिवसांत जो तो तुझ्याबद्दल एकच बोलला. थोरली म्हणजे गाय होती, कधी वर मान करून बोलली नाही. मी ऐकत होते आणि चहा देत होते. त्यांच्यापैकी कुणी तुला मुसळ उचललेलं पाहिलेलं नाही. ते मी पाहिलंय.

मी महाडहून या वाडीत धाकटी सून म्हणून आले तेव्हा सातवी झालेली, आणि त्याचा मला थोडा तोरा होता. नवरा मुंबईला गिरणीत. लग्नात म्हणाला होता, वर्षभरात खोली बघतो. खोली कसली, गावचे सगळे एका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आणि प्रत्येक वेळी "यंदा नक्की" म्हणून जायचा. पहिल्या दिवशी मी तुला "तुम्ही" म्हटलं, तर तू हातातली काथवट खाली ठेवलीस. "तुमी काय गो? मी काय मामलेदार हाय? तू म्हण." असं म्हणून मला स्वयंपाकघरात नेलंस आणि आपल्यामागे दार लोटलंस.

ते स्वयंपाकघर. माजघराच्या मागे, गोठ्याला लागून. खिडकी नाही, झरोका नाही. पूर्वी रात्री वाघरू उतरायचं म्हणून कुणी भोकच ठेवलं नव्हतं. वाघरू कधीचं बंद झालं, भोक काही पडलं नाही. धूर वर जायचा, आढ्याला लागून परत आपल्यावर उतरायचा. तू तिथे लहानपणापासून होतीस, लग्न करून आणली तेव्हा तुझा हात उतरंडीला पुरत नव्हता म्हणे. मला वाटायचं, मी थोड्या दिवसांची आहे. तू माझ्याकडे बघून हसायचीस, कारण तसं तुलाही कधीतरी वाटलं असणार.

आषाढातली लावणी होती. घरची सगळी माणसं खाचरात, सासरे आबासुद्धा. मागच्या पावसात भिजलेलं लाकूड, नुसता धूर. वाऱ्याने पाऊस आत येऊन चूल विझत होती म्हणून तू दार ओढून घेतलंस. ते सागवानी दार फुगलेलं होतं. भाकऱ्या झाल्यावर उघडायला गेलीस तर हलेना. आपण दोघींनी ओढलं. आपण हाका मारल्या. गोठ्यात एक म्हैस तेवढी ओरडली. मी जमिनीला गाल लावून दाराखालच्या फटीशी पडले होते, आणि मला वाटत होतं की मी इथे मरणार, या काळ्या भोकात, आणि मुंबईला तार जाईल. तू चुलीत पाणी ओतलंस, त्याने आणखीच धूर झाला. मग तू मुसळ घेतलंस.

मागची भिंत कुडाची, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली. तू पदर कमरेला खोचून त्या भिंतीवर असा घाव घातलास, जणू तुझ्या मनात तो किती वर्षं तयार होता. माती पडली, कारव्या मोडल्या. डोकं जाईल एवढं भोक झालं तेव्हा तू मला आधी पुढे ढकललंस. बाहेर पाऊस कोसळत होता, परसातल्या केळी वाऱ्याने फाटत होत्या, आणि लांब महाबळेश्वरच्या घाटाकडे एक एसटी हळूहळू चढत होती. आपण दोघी एका भोकातून तोंडं बाहेर काढून भिजत होतो. तू खोकत होतीस आणि हसत होतीस.

"सुमे," तू म्हणालीस, "हितं चूल मांडली तर?"

संध्याकाळी आबा आले. सासरा म्हणून ते वाईट नव्हते, आज ते म्हातारे झाल्यावर मी हे म्हणू शकते. पण त्या दिवशी त्यांचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत गेला.

"भित कुनी फोडली?"

"मी."

"दार व्हतं ना?"

"उघडत नव्हतं. जीव चाल्ला व्हता."

"उद्याच्याला माती लावून बुजवा."

"बुजवते. पन पावसाळा सरला की परसात चूल मांडू द्या, आबा. वर छप्पर घालून. धूर तरी जाईल."

आबा ओटीवर बसले. त्यांना धुराचं काही वाटलं नाही, चुलीचं वाटलं. "चूल घराच्या भाईर गेली म्हंजी दोन घरं झाली, थोरले. लोक म्हनतील, म्हातारा जित्ता असताना पोरं वायली झाली."

तुझा नवरा खांबाला टेकून उभा होता. वडिलांपुढे त्याने तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. माझा तो थोरला दीर, त्यामुळे माझ्याशी तर तो बोलायचाच नाही. मी समोर आले की खाली बघून वाट सोडायचा. मला त्याचा राग यायचा. एवढा बाप्या माणूस, आणि बायको भिंत फोडून बाहेर येते तरी गप्प.

तू भांडली नाहीस. भिंत लिंपलीस. दोन महिने एक शब्द नाही. आणि नवरात्रात एक दिवस आबांना वाढताना सहज म्हणालीस, "आतलेच निखारे सकाळी भाईर नेले तर चूल एकच ऱ्हाईल, न्हाय का?" आबांचा घास हातातच राहिला. ते तुझ्याकडे बघत राहिले. तू इतके दिवस हेच शोधत होतीस, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. शेवटी ते म्हणाले, "आतली चूल कंदी इझता कामा नाय. आनि घरातला एक पैसा नाय, रानातलं एक लाकूड नाय."

आपण कबूल झालो. कबूल होताना आपल्याला वाटलं, आपण जिंकलो.

मग आपण दुपारी भांडी घासून झाली की हिशेबाला बसायचो. तुझी ओवाळणी, पोलादपूरच्या हॉटेलवाल्याला विकलेल्या अंड्यांचे पैसे, आणि नवरा जाताना माझ्या मुठीत कोंबायचा ते. फार नव्हतं. तू म्हणालीस, आधी ठरवू विकत काय घ्यायचं आणि डोक्यावरनं काय आणायचं. जोत्याचे दगड वहाळात पडलेत, माती बांधाची, कारवी डोंगराची, शेण गोठ्यातलं. हे सगळं डोक्यावरनं. खांब, वासे, कौलं, खिळे आणि सुताराची मजुरी, एवढंच विकत. मी म्हटलं, सगळे पैसे छपरात घालू नकोस, एक वाटा बाजूला राहू दे, कारण काहीतरी बिघडतंच. तुला ते पटायला वेळ लागला. मग तू तो वाटा वेगळ्या फडक्यात बांधलास आणि नाचणीच्या कणगीत खाली ठेवलास. कौलं उन्हाळ्यात घ्यायची नाहीत, तेव्हा सगळं गाव घर शाकारतं आणि भाव चढतो. दिवाळी झाल्यावर घ्यायची, हे तुझ्या भावाने सांगितलं होतं.

दिवाळीनंतर आपण महाडला गेलो. तुला आठवतं, तू एसटीत खिडकीशी बसायला घाबरलीस? नुकतेच नवे पैसे आले होते. दुकानदार नव्या पैशात भाव सांगायचा, तू आण्यांत विचार करायचीस, आणि मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होते. एका दुकानात विचारून तू पुढच्या दुकानात गेलीस, मग त्याच्या पुढच्या, आणि प्रत्येक ठिकाणी एक कौल उचलून बोटाने वाजवून बघितलंस. दुकानदार हसले. मग नदीवर कौलांची गलबतं लागली होती तिथे गेलो. तिथला एक तांडेल दासगावचा निघाला. तू कौलांचा भाव विसरलीस. "आमची आई कशी हाय?" तू विचारलंस. तो म्हणाला, "दिसती घाटावर. वाकलीया." दासगाव तिथून नदीच्या खाली, गलबत भरती-ओहोटीबरोबर जातं तेवढं जवळ. पण परतीची गाडी चुकली तर घरात रात्रीचा स्वयंपाक कोण करणार? तू नदीकडे तोंड करून उभी राहिलीस. मग तू पदराने नाक पुसलंस आणि म्हणालीस, "मोज गो कौलं. फुटकं घालतील."

परत येताना आपण भांडलो, आणि ते भांडण कधी संपलंच नाही. मला ओटा हवा होता, उभं राहून रांधायला, मुंबईला असतो तसा. माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं. तुला कट्टा हवा होता, परसाच्या बाजूला, बसायला.

"बसून काय करायचं?" मी म्हटलं.

"काय नाय. बसायचं."

"रिकामं बसायला पैसे घालायचे?"

"पुरुषांना ओटी हाय. आपन बसतो ती चुलीम्होरं. नुसतं बसायला जागा हाय का आपल्याला ह्या घरात?"

मला तेव्हा ते पटलं नाही. दोन्हींना पैसे नव्हते, म्हणून ठरलं की दोन्ही नको. आणि तू काय केलंस? जोत्याला लागतात त्याहून जास्त दगड वहाळातून आणत राहिलीस, पाणी आणायला गेलं की येताना एक, आणि जोतं एका बाजूने पुढे वाढवत नेलंस. तुझा कट्टा झाला, पैसा एक लागला नाही. मला मात्र ओटा मिळाला नाही. सिमेंट काही वहाळात मिळत नाही.

पण वाशांच्या बाबतीत तू चुकलीस, अक्का. आज तुला ऐकून घ्यावं लागेल. सुतार म्हणाला, ऐनाचे घ्या. मी म्हटलं, ऐनाचे घे. तू सावरीचे घेतलेस, कारण ते निम्म्यात मिळत होते. "दोन पावसाळं निघालं तरी बास, मग बघू," म्हणालीस. जिथे कमी करायचं नव्हतं तिथे तू कमी केलंस.

आपली चूल पेटली तो दिवस मला अजून दिसतो. धूर सरळ वर गेला, कौलांखालून बाहेर पडला आणि आपल्याला सोडून डोंगराकडे गेला. तू कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत होतीस. भाकरी करपली.

मग हळूहळू कळलं. आतली चूल विझू द्यायची नव्हती, म्हणून पहाटे आधी आत जाऊन ती फुंकायची, धूर खायचा, आणि मग निखारे घेऊन बाहेर यायचं. एका चुलीच्या दोन झाल्या. शिवाय बाहेर जागा झाली म्हटल्यावर आबा वाडीत सांगायला लागले, "आमच्यात मोठी जागा हाय." कुणाचं लग्न, कुणाची पूजा, झोडणीची माणसं, सगळ्यांचं रांधणं आपल्या परसात. आपण धुरातून सुटलो आणि सगळ्या वाडीच्या भातात अडकलो. कट्ट्यावर तू पहिल्या वर्षी बसलेली मला आठवत नाही. त्यावर परातीच असायच्या.

दुसऱ्या पावसाळ्यात सावरीचे वासे कुजले. छप्पर एका कोपऱ्यात बसलं, पाणी चुलीत पडायला लागलं. नेमका तेव्हाच मुंबईहून आलेल्या एका गाववाल्याने नवऱ्याचा निरोप आणला. एका चाळीत खोली रिकामी होतेय, अनामत द्यायला हवी, लवकर. मी तुला सांगितलं. कणगीतलं फडकं मी मागितलं नाही, तूच म्हणालीस, "घे की. तुझं बी हाय त्यात." तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून फडकं कणगीतच ठेवून उरलेलं आईकडे मागायला मी महाडला गेले. आईने तिची पाटली मोडली.

मी परत आले तेव्हा सुतार छपरावर होता. नवे ऐनाचे वासे चढत होते. तू खाली उभी राहून त्याला कौलं देत होतीस. मी परसाच्या तोंडाशी थांबले. तू मला पाहिलंस, हातातलं कौल वर दिलंस, आणि म्हणालीस, "पाऊस थांबत नव्हता गो."

एवढंच. खोली दुसऱ्याने घेतली.

मी तुला त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. नंतर माझी दोन पोरं तुझ्या मांडीवर वाढली. मला ताप आला की तू रात्रभर बसलीस. आपण त्याच छपराखाली रोज समोरासमोर बसून हजारो भाकऱ्या केल्या असतील, आणि ते नवे वासे आपल्या डोक्यावर होते. कधी मी स्वतःला सांगायचे, पावसाने केलं. चूल बुडत होती, माणसं जेवायची होती, ती तरी काय करणार. आणि कधी पीठ मळताना मनात यायचं, तू मला मुद्दाम ठेवून घेतलंस. मग माझी भाकरी जोरात थापली जायची आणि तू मान वर करून बघायचीस. तुला कळायचं. मला खात्री आहे तुला कळायचं.

मागच्या वर्षी खोकला वाढला तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीत धूर साठलाय, आता चुलीशी जायचं नाही. तेव्हा कुठे तू त्या कट्ट्यावर बसलीस. उन्हात, गोधडी घेऊन, काही न करता. मी रांधायचे आणि तू डोंगर बघायचीस. एकदा, माझ्याकडे न बघता, तू म्हणालीस, "तू गेली असतीस तर मी पुन्ना आतच गेले असते."

मी तांदूळ निवडत होते. मी निवडत राहिले. मला उत्तर मिळालं होतं आणि ते मला नको होतं, कारण त्याच्यावर रागावता येत नव्हतं. तू क्षमा मागत नव्हतीस. तू मला फक्त सांगत होतीस की एकटीने त्या काळोखात परत जायला तू भीत होतीस. अक्का, मीसुद्धा भीत होते. आपण दोघी एकमेकींना धरून बसलो होतो, आणि धरलेलं कुणी सोडलं नाही.

शेवटच्या दिवसांत तू म्हणायचीस, मला भाईर निजवा. आबा म्हणाले, वारं बाधेल. तुझा नवरा माजघराच्या दारात उभा होता, नेहमीसारखा. तू त्याच्याकडे बघितलंस. तो खाली बघत राहिला. तू आतच गेलीस.

तुझ्या दिवसांना माझा नवरा आला. तो म्हणाला, आता स्वतःची खोली मिळाली आहे, यंदा खरंच; महिन्याभराने पोरांना घेऊन ये. मी हसले असावे, कारण तो चमकला. आबांना आता दिसत नाही. तुझ्या नवऱ्याला चहा करता येत नाही. वाडीतल्या बायका येऊन मला सांगून गेल्या, आता तूच थोरली, आता घर तुझ्यावर. तू होतीस तेव्हा मला जाऊ दिलं नाहीस, आणि आता गेलीस म्हणून मला जाता येत नाही. तुझ्या तसबिरीपुढे दिवा लावताना मी हे म्हटलं, मोठ्याने. ऐकू आलं असेल तर बरं झालं.

आज सकाळी मी परसात चूल पेटवत होते. पागोळीखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. तुझा नवरा. मला वाटलं, चहाला उशीर झाला म्हणून आला. मी पदर सावरून बाजूला झाले. तो गेला नाही. जमिनीकडे बघत, घसा खाकरून, या घरात मी आल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"सुमन, भाताला पानी किती घालायचं?"

मला आधी समजलंच नाही. मग तो चुलीपुढे उकिडवा बसला. नांगर धरणारे ते हात, त्यांत तपेलं लहान दिसत होतं. मी सांगितलं, तांदळावर बोटाचं एक पेर. त्याने बोट बुडवून बघितलं, पुन्हा बघितलं. जाळ फार केला. मी म्हटलं, कमी करा, तर लाकूड एकदम ओढून काढलं आणि धूर झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. मीही दुसरीकडे पाहिलं.

आबा चाचपडत आले. वासावरून की आवाजावरून, त्यांना कळलं. "बाप्यानं चुलीशी बसायचं का आता?"

मी थांबले. तो नेहमीसारखा गप्प बसेल असं मला वाटलं.

"मंग काय करायचं, आबा?" तो म्हणाला. हळूच, पण म्हणाला. "तिला तिचा संसार हाय."

आबा चाचपडत माघारी वळले. थोड्या वेळाने पानावर बसले. भात खाली लागला होता, वर कच्चट होता. दोघांनी तो खाल्ला.

अक्का, मी मुंबईला जाईन की नाही, मला अजून माहीत नाही. आबा पुन्हा काही बोलतील, वाडी बोलेल, आणि माझाही पाय इथून सहज निघेल असं मला आता वाटत नाही. पण जेवण झाल्यावर ताट उचलताना तुझ्या नवऱ्याने मला विचारलं, आमटी कधी दाखवशील. मी म्हटलं, उद्या.